गंजलेली रोड सायकल सिंगल स्पीड (एकाच गिअरची) करायची तर

भावा, रंगाचं नंतर बघू, आधी फ्रेम बघ. वरवरचा गंज पॉलिश पेपरनं निघतोय, पण बॉटम ब्रॅकेटजवळ (पायडलचा एक्सल फ्रेममध्ये बसतो तिथं) स्क्रूड्रायव्हरनं टोचल्यावर पत्रा आत दबला तर त्या फ्रेमवर एक रुपया घालू नको. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) अडकलाय म्हणून हातोडा पण नको, गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेव आणि मग पिळून काढ.

मागच्या चाकाचा एक्सल फ्रेममध्ये बसतो तो स्लॉट आडवा पाहिजे, उभा असला तर चेन ताणताच येत नाही, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) लावावा लागतोय. जुनी 27 इंची रिम 630 मिमी व्यासाची, आताची 700सी 622ची, म्हणजे ब्रेकचे रबर 4 मिमी खाली यायला पाहिजेत, चाकं घ्यायच्या आधी हे मोजच. रंकाळ्याभोवती 42-16 (पुढं 42 दात, मागं 16) मस्त चालतंय, पन्हाळ्याला चढवणार असशील तर मागं 20 दाताचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) घे. ब्रेक केबल नव्याच टाक, तिथं काटकसर नको.