रोज ३० शब्द पाठ करणं आधी थांबव

सप्टेंबरला मास्टर्ससाठी निघायचंय, रोज ३० इंग्लिश शब्द मराठी अर्थासकट पाठ करतोस, आणि आठवड्याने त्यातले पाच-सहासुद्धा आठवत नाहीत, मग दादा काय करू, असं विचारलंयस. मला बाहेर येऊन सात वर्षं झाली आणि निघायच्या आधी मीही हेच करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका शब्दापुढे एक मराठी शब्द, इथेच घोळ होतो. समजा 'रिलक्टंट' म्हणजे नाखूष असं लिहून ठेवलंस, तर उद्या रूममेटशी वाजलं की तू 'आय ॲम रिलक्टंट विथ हिम' म्हणून मोकळा होशील, कारण मराठीत आपण माणसावर नाखूष असतो ना. आता लर्नर्स डिक्शनरीतला, म्हणजे इंग्लिश शिकणाऱ्यांसाठी केलेल्या डिक्शनरीतला अर्थ बघ, एखादी गोष्ट करायची मनापासून इच्छा नाही म्हणून करताना कां-कू करणारा. म्हणजे माणसावरच्या रागाचा संबंधच नाही, पुढे काहीतरी काम यायला हवं. मग उदाहरण वाच, 'शी वॉज रिलक्टंट टू साइन द कॉन्ट्रॅक्ट'. तो 'टू' आणि त्याच्यापुढचं क्रियापद हे शब्दासोबतच पाठ व्हायला पाहिजे, नुसत्या अर्थातून ते कधीच कळत नाही.

डिक्शनरी लर्नर्सचीच घे हां. साध्या मोठ्या डिक्शनरीत एक अवघड शब्द बघायला जावं तर व्याख्येत आणखी दोन अवघड निघतात. लाँगमनच्या लर्नर्स डिक्शनरीत व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, आणि १९८७ साली आलेल्या कोबिल्ड या लर्नर्स डिक्शनरीने तर अख्ख्या वाक्यातच व्याख्या द्यायला सुरुवात केली, त्यामुळे शब्द वापरायचा कसा ते व्याख्येतच दिसतं. दोन्ही ऑनलाइन फुकट बघता येतात.

कुठले शब्द घ्यायचे? तू शिकायला चाललायस तर ॲकॅडमिक वर्ड लिस्ट घे. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली केलेली आहे, ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याच्यापासून झालेले शब्द मिळून एक कुटुंब), आणि ॲकॅडमिक मजकुरातले साधारण १० टक्के शब्द त्यातलेच असतात. 'कन्सिस्टंट', 'सबसिक्वंट' असले, दिसायला भारी नाहीत पण पानोपानी भेटतात.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती म्हणजे जे शब्द आपल्याला येतात असं वाटतं तेसुद्धा बघायचे. पहिल्याच महिन्यात एका मीटिंगमध्ये मी म्हटलं 'आय हॅव अ डाऊट अबाऊट युअर रिपोर्ट'. मला फक्त एक शंका विचारायची होती. समोरची बाई एकदम गप्प झाली, मग फाईल उघडून एकेक आकडा कुठून आणला ते सांगायला लागली. तिला वाटलं माझा तिच्या रिपोर्टवर विश्वास नाही. आपण 'शंका' या अर्थाने डाऊट म्हणतो, इकडे तो संशय होतो, प्रश्न असेल तर सरळ 'क्वेश्चन' म्हणायचं. मला तिच्याबद्दल खूप वाईट वाटलं आणि त्या दिवसापासून मी सोपे शब्दही डिक्शनरीत बघायला लागलो.

आता रोजचं काम. ३० नाही, ८ शब्द बास. वहीत प्रत्येक शब्दाला तीन ओळी: सोपी इंग्लिश व्याख्या, डिक्शनरीतलं एक वाक्य, आणि तिसरं तुझं स्वतःचं, तेही आज खरंच घडलेल्या गोष्टीवर. 'आईला माझा पासपोर्ट हातातून सोडवेना' असं काही घडलं असेल तर तेच 'रिलक्टंट' घालून लिही, बघ विसरतोस का. तिसरी ओळ कंटाळा आला तरी सोडू नकोस, सगळी मेहनत तिथेच वसूल होते. उजळणीला नुसतं वाचत बसू नकोस, शब्द हाताने झाक आणि व्याख्या वाचून आठव, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. जो अडला तो परत पहिल्या दिवसावर. मोबाईलवर करायचं असेल तर अँकी या उजळणीच्या फ्लॅशकार्ड ॲपमध्ये वाक्य टाकून शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेव.

शेवटच्या महिन्यात लिस्ट बाजूला ठेवून युनिव्हर्सिटीचं हँडबुक आणि घरभाड्याच्या कराराचा नमुना घेऊन बस, त्यात अडलेले शब्द वहीत सगळ्यात आधी घाल, कारण सही तुला पहिल्याच आठवड्यात करायची आहे.