बसचा बोर्ड कोण वाचतं?

*अक्का, मुलगा पंधरा वर्षांचा, नववीला. सुट्टीत त्याच्याबरोबर ज्ञान वाढेल असं काहीतरी करावं म्हणून सगळं करून बघितलं. दुर्बिणीचं किट आणलं, प्रश्नमंजूषेचे पत्ते आणले, रविवारी अकरा ते बारा 'ज्ञानाचा तास' ठेवला. गोकाकला धबधबा बघायला नेलं, तर तिथंही तोंड मोबाईलमध्ये. आमच्याशी धड बोलत नाही. बाजाराला तेवढा येतो, कारण मी चंदगडची, लग्नाला सतरा वर्षं झाली तरी कन्नड वाचता येत नाही, बसचा बोर्ड त्यालाच विचारावा लागतो. या वयाच्या मुलांबरोबर करता येतील असे मजेचे, शैक्षणिक उपक्रम सुचवाल काय?*
*— एक आई, अनगोळ, बेळगाव*

बाई, नाही सुचवणार. तुमच्या घरात उपक्रम उदंड झालेत.

गोकाकला काय झालं असेल ते मला इथून दिसतंय. समोर घटप्रभा 52 मीटर खाली कोसळतेय आणि तुम्ही ते 52 मीटर फोनवरून वाचून दाखवताय, वर विचारताय, "किती सांगितलं मी?" त्यानं मोबाईल काढला यात त्याची काय चूक? मी असते तर करदंटाच्या मिठाईच्या दुकानाकडं चालू पडले असते. आणि रविवारचा तो तास! सहा दिवस शाळा, सातव्या दिवशी घरची शाळा. ती आजच बंद करा.

तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी तीनदा वाचलं. ते तुम्ही तक्रारीच्या ओघात टाकून दिलंय. तुमच्याशी धड न बोलणारा मुलगा तुमच्याबरोबर सीबीटीवर, म्हणजे शहराच्या बसस्टँडवर, उभा राहतो, येणारी प्रत्येक बस वाचतो आणि सांगतो, "आई, ही नव्हे, पुढची." पंधरा वर्षांच्या मुलाला घरात कुणी काही विचारत नाही, सगळे सांगतातच. तिथं मात्र त्याला विचारणारं कुणीतरी असतं. बाजाराला तो उगाच येतो होय?

तेव्हा त्याच्याकडून कन्नड वाचायला शिका. उद्यापासून. तो मास्तर, तुम्ही पहिलीत.

वाटतं तेवढं अवघड नाही. क ख ग घ चा क्रम आपलाच आहे, नवीन आहे ते वळण. आपण वर रेघ ओढतो, तिथं बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर तलेकट्टु नावाची छोटी खूण येते. सुरुवात 'पुर' पासून करा. शहापूर, खानापूर, कोल्हापूर, तिन्ही बोर्डांच्या शेवटी तेच. मग 'ऊर' घ्या. कन्नडात ऊर म्हणजे गाव, म्हणून येळ्ळूर, म्हणून कित्तूर. हे त्याला आधीच सांगू नका हं, त्यालाच सांगू दे. बोर्ड झाले की लाइटबिल काढा. एक ठिकाण मात्र तुम्हाला नडणार: आपल्याकडं ए आणि ओ एकेकच, कन्नडात दोन-दोन, आखूड आणि लांब. तुम्ही चुकाल, तो हसेल. हसू दे. मुद्दाम मात्र चुकू नका, या वयाच्या पोरांना नाटक लगेच कळतं.

घरातलं कुणीतरी म्हणेलच, आपण मराठी माणसं, कन्नड कशाला? त्यांना सांगा, सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, निकाल लागेपर्यंत मी बसस्टँडवर उभी राहू काय? मराठी त्यानं पातळ होत नाही. आपलं तूप कन्नड 'तुप्प'वरून आलं, अडकित्त्यातली 'अडके' म्हणजे सुपारी. पत्रात मला अक्का म्हणालात, तो शब्द तरी कुठला?

फक्त दोन गोष्टी पाळा. हा 'उपक्रम' आहे असं एकदाही तोंडातून निघू देऊ नका. आणि तो शिकवत असताना त्याच्या गणिताच्या मार्कांची चौकशी नको. मास्तराला कुणी मार्क विचारतं काय?

किट कपाटात राहू दे. वाटलं तर काढेल, नाही तर नाही.

महिन्याभरानं एके दिवशी त्याला घरी ठेवून एकट्या बाजाराला जा. पिशव्या घेऊन सीबीटीवर या, बोर्ड वाचा आणि बसा. अनगोळऐवजी येळ्ळूरला जाऊन पोचलात, तर फोन नवऱ्याला करू नका, त्याला करा.

— अक्का