गुणवत्तेतला गुण

एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीने विचारलंय: देशोदेशीच्या आरोग्यसेवेची तुलना करणारा जो एकत्रित आकडा असतो, त्याला 'गुणवत्ता निर्देशांक' म्हणावं की 'गुणवत्ता निर्देशक'?

निर्देशांक. बालमृत्यू दर, लसीकरणाचं प्रमाण हे एकेकटे निर्देशक; ते एकत्र करून निघतो तो निर्देशांक, महागाईचा असतो तसाच. पण 'आरोग्यसेवेत भारताचा निर्देशांक 145' हे जे सर्रास कानावर पडतं, ते साफ चूक आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2016 च्या आकडेवारीत 195 देश-प्रदेशांत भारताचा क्रमांक 145 होता. निर्देशांक होता 41.2, शंभरपैकी.

आता 'गुणवत्ता'. गुण म्हणजे मुळात दोरीचा पेड! धनुष्याची दोरीही गुणच. द्विगुण म्हणजे दोन पेडी, म्हणून दुप्पट, आणि त्याच वाटेने गुणाकार. कोशकार 'गुण्' धातू दाखवून मोकळे होतात. तो धातू नामावरूनच मागाहून पाडलेला आहे, असं माझं ठाम मत आहे. दोरी हातात आधी आली, धातुपाठ नंतर.

आणि निर्देशांक वळतात तो दोरीसारखाच. जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली 191 देशांसाठी पाच पेड घेतले: आरोग्याची पातळी, त्यातली विषमता आणि खर्चाच्या बोज्याची न्याय्य वाटणी यांना प्रत्येकी 25 टक्के भार, रुग्णांच्या अपेक्षांची दखल आणि त्या दखलीतली समानता यांना साडेबारा-साडेबारा. या दोरीत जपान पहिला, अमेरिका पंधरावी. मग आरोग्यावरचा खर्च आणि शिक्षण पाहता देशाला किती साधायला हवं होतं, तो पीळ दिला, तर फ्रान्स पहिला आणि अमेरिका थेट सदतिसावी. पेड तेच!

'गुणवत्ता जड वाटते, दर्जा म्हणा' असं सुचवणाऱ्या भाषातज्ज्ञांशी माझं इथेच बिनसतं. दर्जा हा अरबी शब्द, अर्थ पायरी. 145 वी जागा हा दर्जा झाला. पण आपण म्हणतो 'औषधाचा गुण आला', 'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे'. लॅन्सेटचा निर्देशांक खाटा मोजत नाही. वेळेवर नीट उपचार झाले तर जे टळायला हवेत, अशा 32 कारणांनी होणारे मृत्यू मोजतो. म्हणजे गुण आला का, तेच बघतो. त्याला दर्जा कसं म्हणणार?