मागचा गर्भपात डॉक्टरांना सांगितला, तर सासरी कळेल का?

‘लग्नाआधी एकदा गर्भपात झालाय. आता दिवस गेलेत. डॉक्टरांना नाही सांगितलं तर चालेल ना?’ २६ वर्षांच्या एकीचा प्रश्न. असं विचारणाऱ्या पुष्कळ असतात.

तिला धास्ती जुन्या दवाखान्यातल्या नोंदीची होती. तिथे गर्भपाताचा कायदा (एमटीपी कायदा) भक्कम आहे. नाव फक्त प्रवेश नोंदवहीत येतं. केसपेपरवर, ऑपरेशनच्या रजिस्टरमध्ये नुसता अनुक्रमांक. नोंदवही गोपनीय असते. या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार कायदेशीर अधिकार नसलेल्या कुणाला नाव सांगणाऱ्या डॉक्टरला १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बातमी फुटते ती घरी येणाऱ्या फाईलमधून. पहिल्याच तपासणीत डॉक्टर ‘जी२ पी० ए१’ लिहितात: दुसरं गरोदरपण, बाळंतपण नाही, एक गर्भपात. हिची नणंद नर्स. तिला ते एका नजरेत कळलं असतं.

तरीही डॉक्टरांपासून लपवायचं नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं. तिचा रक्तगट बी निगेटिव्ह. मागच्या वेळी अँटी-डी इंजेक्शन दिलं नसेल, तर रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार झालेली असू शकतात आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असल्यास ती त्याच्या तांबड्या पेशी मोडतात. इंजेक्शन दिलं होतं का, हे जुन्या डिस्चार्ज कार्डावर सापडतं. म्हणून ते कागद फाडू नयेत. नसतील तर दवाखान्याकडे लेखी मागावेत. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत प्रत द्यावी, असा डॉक्टरांना नियम आहे.

मग ठरलं ते असं. ‘मला आधी एकटीला बोलायचंय’, हे तिने रिसेप्शनवर सांगायचं. सासूबाई तेवढा वेळ बाहेर. डॉक्टरांना विनंती करायची: नोंद तुमच्याकडच्या कागदावर ठेवा, हातात देता त्या फाईलवर आणि सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर नको. बाळंतपणाला दुसरीकडे जावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना मात्र स्वतः तोंडी सांगायचंच.

नंबरचं राहिलंच होतं. लॅबमध्ये नवऱ्याचा मोबाईल नंबर दिलेला, त्यामुळे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर थेट त्याला जात. तो बदलून घेतला. आभा कार्ड, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडणारं सरकारी डिजिटल ओळखपत्र, सक्तीचं नाही. काढायचं असेल तर स्वतःच्या नंबरवर काढावं, कारण ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, कागदपत्रं उघडण्याची किल्ली त्याच्याकडे जाते. मेडिक्लेम नवऱ्याच्या कंपनीचा असेल, तर क्लेमचे मेसेज त्यालाच येतात. क्लेमसोबत कुठले कागद जाणार, ते बिलिंग काउंटरवर आधीच विचारावं.