प्रायमरीत एखाद्या उमेदवाराचं काम करावं का?

तुम्ही विचारलंय की ग्रीन कार्डवर असताना अमेरिकेतल्या अध्यक्षीय प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, एखाद्या उमेदवारासाठी काम करता येतं का, आणि डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन या दोन पक्षांत एवढी तेढ असताना त्यात पडलं तर मराठी मंडळातली माणसं, घरचे लोक दुरावतील का.

आधी कायद्याचं बघू, कारण तिथे चूक परवडणारी नाही. ग्रीन कार्डधारकाला स्वयंसेवक म्हणून काम करता येतं आणि स्वतःच्या पैशातून देणगीही देता येते. मतदान मात्र करता येत नाही, आणि मतदार म्हणून नावही नोंदवायचं नाही. मॉलबाहेर किंवा लायसन्सच्या खिडकीवर कोणी सहज फॉर्म पुढे केला तरी सही करू नका. त्यावरून पुढे नागरिकत्व अडतं, देश सोडायची वेळही येऊ शकते. घरात कोणी एच-वन (नोकरीच्या) किंवा एच-फोर (त्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर असेल तर त्यांनी विनामोबदला फोन करावेत, पत्रकं लावावीत, पण एक डॉलरही देऊ नये आणि खर्च, डावपेच ठरवण्यात भाग घेऊ नये. कॅम्पेनच्या दुकानातून टी-शर्ट घेतला तरी ती देणगीच धरली जाते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

आता मूळ प्रश्न. जरूर करा, आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीची वाट न बघता प्रायमरीतच करा.

आपल्याकडे तिकीट कोणाला ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं सतरंज्या उचलायच्या आणि यादी आली की वरून आलेल्या नावासाठी पळायचं. इथे तो निर्णय मतदार करतात, आणि सुरुवातीच्या राज्यांत तो थोडक्या मतांनी फिरतो. 1968 मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभे राहिलेल्या युजीन मॅकार्थींसाठी कॉलेजची पोरं केस कापून, दाढ्या करून न्यू हॅम्पशायरच्या घराघरांत गेली. मॅकार्थी जिंकले नाहीत, पण स्वतःच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यासमोर 42 टक्के मतं घेऊन गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस जॉन्सन यांनी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं. कारणं आणखीही होती, पण दारोदार फिरणाऱ्या त्या मुलांचा वाटा कोणी नाकारत नाही.

मी न्यू हॅम्पशायरमध्ये नॅशुआला राहते. 2020 च्या प्रायमरीत मी एमी क्लोबुचार यांचं काम केलं. त्या मिनेसोटाच्या डेमोक्रॅटिक सिनेटर. 2016 ला ट्रम्प जिंकले होते अशा कितीतरी कौंट्यांनी (जिल्ह्यांनी) 2018 मध्ये त्यांना मतं दिली होती. दोन्हीकडच्या माणसांशी बोलू शकणारी व्यक्ती मला हवी होती, म्हणून मी त्यांच्याकडे गेले.

काम कसं असतं ते सांगते. ऑफिसात गेलं की फोनमधल्या ॲपवर एका गल्लीची यादी मिळते. यादीत प्रत्येक घर नसतं, आणि घरातलं प्रत्येक माणूसही नसतं. आमच्या राज्यात कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेले 'अनडिक्लेअर्ड' मतदार भरपूर आहेत. प्रायमरीच्या दिवशी ते हव्या त्या एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतात. आमच्या याद्यांत त्यांचीच नावं जास्त असायची.

एका घराच्या अंगणात ट्रम्प यांचा भला मोठा झेंडा होता. माझ्या यादीत त्या घरातलं एकच नाव होतं, बाईचं. दार उघडलं नवऱ्यानं. माझ्या जॅकेटवरचा बिल्ला बघून तो म्हणाला, "चुकीच्या घरी आलात." मी म्हटलं, मला तुमच्या मिसेसशी दोन मिनिटं बोलायचंय. त्यानं आत हाक मारली आणि तो तिथेच उभा राहिला. बाई नर्सिंग होममध्ये काम करायच्या. इन्शुलिनच्या किमतीबद्दल त्या पोटतिडकीनं बोलल्या, आणि नवराही मान डोलवत होता, कारण औषध त्याच्याच आईचं होतं. मी उमेदवाराचं नाव घेतलं ते अगदी शेवटी. यादीत त्यांच्यापुढे 'अजून ठरलेलं नाही' अशी नोंद केली. त्यांनी मत कोणाला दिलं ते मला कळणार नाही. पण टीव्हीवर एकमेकांचे वैरी म्हणून दाखवतात ती माणसं एका छताखाली, एकाच बिलाची काळजी करत राहतात, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

दारावर पाच मिनिटं बोलायचं असेल तर त्यातली चार ऐकण्यात जाऊ द्या. आणि पत्रक दाराच्या कडीत अडकवा, पोस्टाच्या पेटीत टाकू नका, कायद्यानं ते चालत नाही.

मंडळाचं म्हणाल तर, बहुतेक मराठी मंडळं करमुक्त संस्था म्हणून नोंदलेली असतात आणि अशा संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. त्यामुळे गणपतीच्या हॉलमध्ये पत्रकं नकोत, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नकोत. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी एकट्यानं, चहावर बोला. माझे दीर टेक्सासला असतात, पक्के रिपब्लिकन. मी काम करायला लागल्यावर त्यांचे फोन उलट वाढले. "तुमच्या बाई किती टक्क्यांवर आल्या?" असं ते दर रविवारी विचारायचे. आमचे करांवरून वाद व्हायचे, अजून होतात. फॉरवर्ड पाठवायचे नाहीत, म्हणायचं ते फोनवर स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, एवढं आम्ही ठरवलं आणि नातं टिकलं.

तुम्हाला खरा ताप होईल तो आपल्याच बाजूच्या लोकांकडून, हे आधीच सांगून ठेवते. सँडर्स, बुटिजेज, वॉरन या इतर डेमोक्रॅटिक उमेदवारांचे लोक, सगळे एकाच पक्षाचे, आणि जानेवारीत एकमेकांवर असे तुटून पडत होते की बघवत नव्हतं. 7 फेब्रुवारीला आमच्याच राज्यातल्या मँचेस्टरच्या सेंट अँसेल्म कॉलेजातल्या वादचर्चेत क्लोबुचार फार छान बोलल्या. त्यानंतर आमच्या ऑफिसात नव्या माणसांची रीघ लागली. 11 तारखेला आमच्या प्रायमरीत त्या जवळपास 20 टक्के मतं घेऊन तिसऱ्या आल्या. बायडन पाचवे होते. आम्ही आनंदानं रडलो. आणि 2 मार्चला त्यांनी माघार घेऊन बायडन यांना पाठिंबा दिला.

मला फार वाईट वाटलं. पण तेव्हा आमच्यातल्या ज्यांनी इतर उमेदवारांना कधी शिव्या घातल्या नव्हत्या त्यांना पुढचं काम सोपं गेलं. शरद ऋतूत, कोविडमुळे घरून बायडन यांच्यासाठी फोन करताना, माझ्या गटात सँडर्सचे आणि वॉरनचे जुने स्वयंसेवक होते. ज्यांची जानेवारीत भांडणं झाली होती त्यांना एका यादीवर काम करणं जड गेलं, काही आलेच नाहीत. म्हणून दारावर किंवा ऑनलाइन, कोणी कितीही डिवचलं तरी आपला उमेदवार का आवडतो तेवढंच सांगा.

2028 चे उमेदवार ठरेपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या गावात स्कूल बोर्डाची, राज्याच्या विधानसभेची निवडणूक त्याआधी येईल. तिथे एखाद्याचं काम करा आणि फोनपेक्षा दारावर जायचं काम मागून घ्या. पहिल्या दिवशी जुन्या स्वयंसेवकाबरोबर जोडीनं जा, आणि फेब्रुवारीत निघणार असाल तर बर्फात न घसरणारे बूट आणि फोनसाठी चार्जर सोबत ठेवा, थंडीत बॅटरी फार लवकर उतरते.