ॲन्सिबलमध्ये (सर्व्हर आपोआप सेट करण्याचं साधन) फाइल लुकअप, म्हणजे बाहेरून माहिती वाचून आणणारं प्लगइन, वापरला की सर्व्हरवर असलेली फाइल 'सापडली नाही' असं का येतं?

कारण लुकअप प्लगइन सर्व्हरवर चालतच नाही. ज्या मशीनवरून तुम्ही प्लेबुक (कामांची यादी असलेली फाइल) चालवता तिथेच ते फाइल शोधतं. सापेक्ष पाथ दिलात तर रोलमधला (पुन्हा वापरता येणाऱ्या कामांचा संच) किंवा प्लेबुकशेजारचा 'फाइल्स' फोल्डर पाहिला जातो, पण तोही तुमच्याच मशीनवरचा. सर्व्हरवरची फाइल हवी असेल तर सर्व्हरवरची फाइल वाचून आणणारं स्लर्प मॉड्यूल वापरा, निकाल रजिस्टर करा (व्हेरिएबलमध्ये ठेवा) आणि त्यातला बेस-६४ मध्ये एन्कोड झालेला मजकूर डीकोडच्या फिल्टरमधून काढा. फाइल मोठी असेल तर मात्र स्लर्प टाळा, कारण ती सगळीच्या सगळी मेमरीत येते आणि एन्कोडिंगमुळे साधारण एक तृतीयांशाने फुगते. तिथे फाइल तुमच्या मशीनवर उतरवून घेणारं फेच मॉड्यूल बरं.

पाथ सुधारल्यावर पुढे बहुतेक जण या ठिकाणी अडकतात:

- सीएसव्ही लुकअपचा मूळ डिलिमिटर (रकाने वेगळे करणारं चिन्ह) टॅब आहे, स्वल्पविराम नाही. तो स्वतः दिला नाही तर अख्खी ओळच पहिला रकाना ठरते आणि तुम्ही शोधत असलेली 'की' (पहिल्या रकान्यातली किंमत) जुळत नाही. रकाने ० पासून मोजतात.
- लूपसाठी लुकअपऐवजी क्वेरी लिहा, ती यादी देते. लुकअप एकापेक्षा जास्त उत्तरं स्वल्पविरामाने जोडून एकच स्ट्रिंग देतो.
- व्हार्समध्ये (व्हेरिएबलच्या यादीत) ठेवलेला लुकअप, ते व्हेरिएबल वापराल तितक्या वेळा नव्याने चालतो. यादृच्छिक पासवर्ड किंवा वेळ घेत असाल तर प्रत्येक टास्कला वेगळी किंमत मिळेल, म्हणून ती आधी सेट-फॅक्ट मॉड्यूलने एकदाच काढून पक्की करा.