80 मिनिटं नुसतं पाण्यात तरंगणं? ‘ओपन वॉटर’बद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न वाचला. आधी हे सांगतो की असं भांडण फक्त तुमच्याच घरात झालेलं नाही. तुम्ही म्हणताय की ‘ओपन वॉटर’मध्ये बोटीने समुद्रात मागे सोडलेले दोघं जण अख्खा पिक्चरभर पाण्यात तरंगतायत, शार्क धड दिसत नाही, शेवट काहीच्या काही, संध्याकाळ फुकट गेली. आणि तुमचे मिस्टर त्या रात्री नीट झोपले नाहीत आणि आता डिसेंबरातलं तारकर्लीचं स्कूबा बुकिंग कॅन्सल करा म्हणून मागे लागलेत. अगदी हेच दोन गट 2004 मध्ये हा सिनेमा अमेरिकेत थेटरात लागला तेव्हा पडले होते आणि वीस वर्षं झाली तरी ते मिटलेलं नाही. रॉजर एबर्टसारख्या समीक्षकाने चारपैकी चार स्टार दिले, बहुतेक समीक्षकांनी चांगलंच लिहिलं, आणि प्रेक्षकांची रेटिंग बघायला जा तर निम्म्याहून जास्त लोक शिव्या घालतायत. मधलं कोणी नाहीच. एक तर डोक्यात बसतो नाहीतर डोक्यात जातो.

मी स्वतः दोन्ही बाजूंना होतो म्हणून एवढं लांबण लावतोय. आणि पुढे सगळी स्टोरी फुटणार आहे, ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी इथेच थांबा.

पहिल्यांदा बघितला तो हॉस्टेलच्या खोलीत, आम्ही सात-आठ जण, ट्यूबलाइट चालू, चिवड्याची पिशवी फिरतेय, कोणीतरी म्हणालेलं की शार्कचा पिक्चर आहे, खरे शार्क वापरलेत. आम्ही ‘जॉज’ची अपेक्षा धरून बसलो. पंचवीस मिनिटांनी कोणीतरी म्हणालं ‘अरे पुढे ढकल’, मग पुढे ढकलला, तरी दोघं पाण्यातच. माझं मत तेव्हा शंभर टक्के तुमच्यासारखंच होतं. मग मध्ये बरीच वर्षं गेली, मी डायव्हिंग शिकलो, समुद्रात साठ-सत्तर डाइव्ह झाल्या, आणि एका रात्री एकट्याने परत लावला. उठून दिवा लावावासा वाटला पण उठवेना. पिक्चर तोच, एक फ्रेम बदललेली नाही.

आता तो बनला कसा हे माहीत असेल तर निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. दिग्दर्शक ख्रिस केंटिस आणि निर्माती लॉरा लाऊ हे नवरा-बायको, दोघंही डायव्हर. त्यांनी स्वतःचे पैसे घालून बहामात जाऊन सुट्ट्यांमध्ये आणि वीकएंडला जमेल तसं शूट केलं, साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर, आणि कॅमेरा बराचसा दोघांनीच धरला. खर्च सव्वा लाख डॉलरच्या आसपास सांगतात, हॉलिवूडच्या हिशोबात हे चहापाण्याचे पैसे झाले. ब्लँचर्ड रायन आणि डॅनियल ट्रॅव्हिस हे दोन नट शंभराहून जास्त तास प्रत्यक्ष समुद्रात होते, वेटसूटच्या आत पोलादी कड्यांची जाळी घालून, आणि आजूबाजूला खरे शार्क, त्यांना हवं तिकडे वळवायला माणसं ट्यूनाचे तुकडे टाकतायत. रायनला तर शूटिंगच्या सुरुवातीलाच बाराकुडा मासा चावला होता. मग सनडान्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये लायन्सगेट या वितरण कंपनीने 25 लाख डॉलरला घेतला आणि जगभरात धंदा झाला 5 कोटी डॉलरच्या वर.

इथेच मेख आहे. एवढे पैसे मोजल्यावर कंपनी जाहिरात कशी करणार? शार्कचीच करणार. लोक गेले शार्क बघायला, आणि आत मिळाला एका जोडप्याचा पिक्चर ज्यांना बोट विसरून निघून गेलीये. मला विचाराल तर तुमची फसवणूक झालीये हे खरंय, पण ती पोस्टरने केली, पिक्चरने नाही.

बरं, आता ‘काहीच घडत नाही’ या मुद्द्यावर येतो, कारण हा सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय आणि याच मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

तो हजेरीचा सीन आठवतोय का? फार लोकांना आठवत नाही कारण तेव्हा आपण अजून सेटल होत असतो. बोटीवर 20 डायव्हर्स. एक माणूस मास्क विसरून आलाय, हट्ट करतोय की मला जायचंच आहे. तेवढ्यात एक बाई कानाच्या त्रासाने लवकर वर येते, हा तिचा मास्क मागून घेतो आणि तिच्या जोडीदाराला परत पाण्यात चल म्हणतो. बोटीवरचा पोरगा पाटीवर रेघा मारतोय, वर आला की एक रेघ. हे दोघं परत वर येतात तेव्हा त्यांच्या रेघा पुन्हा पडतात. 18 माणसांच्या 20 रेघा. बोट निघते. कोणी व्हिलन नाही, कोणाच्या मनात काही वाईट नाही, फक्त दोन रेघा जास्त, आणि खाली आपले नवरा-बायको एका ईल माशाकडे बघत बसलेत. मी जेव्हा जेव्हा बोटीवर जातो तेव्हा कोणीतरी असंच पाटी घेऊन उभं असतं. तो सीन ज्याच्या पोटात जातो त्याच्यासाठी पुढच्या तासाभरात ‘काहीच घडत नाही’ असं राहतच नाही, कारण जे घडायचं ते घडून गेलंय आणि त्या दोघांना अजून पत्ता नाहीये.

तुमचा दुसरा प्रश्न होता, ‘ते पोहत का नाही गेले, नुसते भांडत काय बसले’. पोहून जायचं कुठे? पाण्यात तुमचे डोळे पृष्ठभागाच्या जेमतेम अर्धा फूट वर असतात, सपाट समुद्रातसुद्धा दीडेक किलोमीटरच्या पलीकडचं पाणी दिसत नाही, आणि मीटरभर लाट असली की समोर फक्त पुढची लाट. वरून बोटीला तुमचं डोकं म्हणजे नारळ, तेही उन्हाच्या चकाकीत. करंट एक नॉटचा म्हटला तरी तो तासाला जवळजवळ दोन किलोमीटर नेतो, आणि अंगावर बीसीडी (डायव्हरचं हवा भरायचं जाकीट), पाठीवर सिलिंडर असताना चांगला दणकट माणूससुद्धा त्याच्याविरुद्ध फार वेळ हात मारू शकत नाही. त्यात पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने खेचतं, म्हणून कोमट वाटणाऱ्या समुद्रातही काही तासांनी दात वाजायला लागतात. तहान लागली म्हणून खारं पाणी प्यायलं तर अजून कोरडं पडायला होतं. म्हणजे एकत्र राहणं, दम वाचवणं आणि वाट बघणं एवढंच हातात असतं, आणि ट्रेनिंगमध्येही तेच शिकवतात. ते दोघं बरोबरच वागतायत. भयानक गोष्ट ही आहे की बरोबर वागूनही उपयोग होत नाहीये.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, छोटासाच आहे. कोकण किनाऱ्यावर एका ट्रिपमध्ये मी आणि माझा बडी, म्हणजे डायव्हिंगमधला जोडीदार, वर आलो आणि बोट दिसेना. आम्ही अँकरच्या दोरापासून वाहून लांब गेलो होतो आणि मध्ये लाटांची भिंत. दर सात-आठ सेकंदांनी लाट आम्हाला उचलायची, वरून क्षणभर बोटीची निळी ताडपत्री दिसायची आणि परत खाली. शिट्टी फुंकून तोंड दुखायला लागलं पण वारा उलटा. एकूण दहा-बारा मिनिटं असेल, मग तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्याचं, लक्ष गेलं आणि बोट आली. त्या दहा मिनिटांत मी काय केलं असेल? बडीशी भांडलो. ‘तुला म्हटलं होतं ना दोर सोडू नको’, तो म्हणे ‘तूच त्या कासवाच्या मागे गेलास’. नंतर पिक्चरमध्ये ती बायको नवऱ्यावर ओरडते की मला स्कीइंगला जायचं होतं, तेव्हा हॉस्टेलमध्ये आम्ही ज्या डायलॉगला फिदीफिदी हसलो होतो त्याच डायलॉगला माझ्या अंगावर काटा आला. माणसं घाबरली की अगदी अशीच फालतू भांडतात.

तरी सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. सुरुवातीची वीस मिनिटं, ती हॉटेलची खोली, कामाचे फोन वगैरे, फार कोरडी आहेत. चित्र लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसतं. काही ठिकाणी अभिनय कच्चा आहे, विशेषतः तो नवरा ओरडतो तेव्हा. हे सगळं मान्य. पण पाण्यात उतरल्यावर तोच व्हिडिओ कॅमेरा कामाला येतो, कारण तो त्यांच्या हनुवटीच्या उंचीवर आहे, अर्धी लेन्स पाण्याखाली, आणि क्षितिज सतत वाकडं. मोठ्या बजेटवाल्यांनी क्रेन लावली असती, वरून सुंदर निळा समुद्र दाखवला असता, आणि आपण सुरक्षित बसून बघितलं असतं.

वादळाच्या रात्रीचा सीन तुम्ही कसा बघितलात? हॉलमध्ये लाइट चालू होता का? कारण तिथे पडदा बराच वेळ जवळजवळ काळा आहे. फक्त आवाज, दोघांचे श्वास, पाऊस, तिच्या प्रार्थनेसारखं काहीतरी, आणि वीज चमकली की अर्धा सेकंद सगळं पांढरं, त्यात शार्कचा एक पर दिसला की नाही हे कळायच्या आत परत काळोख. उजेडाच्या खोलीत, मोबाइल हातात असताना तो सीन म्हणजे ‘टीव्ही बंद पडला का’ एवढाच राहतो. तुम्ही लिहिलंय की तुम्ही मध्ये दोनदा किचनमध्ये जाऊन आलात आणि मिस्टर एकटे बसून होते. मला वाटतं तुमच्या भांडणाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

शेवटाबद्दल. नवरा मेल्यावर ती त्याला सोडते, शार्क त्याला नेतात, आणि तिकडे किनाऱ्यावर बॅगा सापडून शोध सुरू झालेला आपल्याला दिसतो. कुठलाही नेहमीचा पिक्चर असता तर हेलिकॉप्टर आलं असतं. ही बाई मास्क लावून पाण्याखाली बघते, चहूकडून शार्क आलेले, आणि मग अंगावरचा सगळा सरंजाम काढून शांतपणे खाली जाते. खूप लोक या शेवटावर चिडतात, ‘अजून थोडा वेळ थांबली असती तर’ म्हणून. मी पण चिडलो होतो. पण तिला थोडाच माहितीये कोणी शोधतंय? ते फक्त आपल्याला माहितीये. आपल्याला देवासारखं सगळं दाखवून तिला काहीच दाखवलं नाही, हे दिग्दर्शकाने मुद्दाम केलंय आणि मला ते फार धाडसी वाटतं. आपल्याकडे विक्रमादित्य मोटवानेचा ‘ट्रॅप्ड’ आला 2017 मध्ये, प्रभादेवीच्या रिकाम्या टॉवरमध्ये 35व्या मजल्यावर अडकलेला राजकुमार राव, तेव्हाही हेच झालं होतं. अर्धे लोक ‘अरे हे का नाही केलं, ते का नाही केलं’ करत बाहेर पडले आणि अर्धे घरी जाऊन आधी दाराचं लॅच तपासत होते.

एका बाबतीत मात्र मी नाराज लोकांच्या बाजूने आहे, तो ‘सत्य घटनेवर आधारित’चा शिक्का. मूळ घटना टॉम आणि आयलीन लोनर्गन या अमेरिकन जोडप्याची. 25 जानेवारी 1998, ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफ. बोट त्यांना सोडून गेली आणि ते राहून गेलेत हे दोन दिवसांनी लक्षात आलं, बोटीवर त्यांच्या वस्तूंची बॅग तशीच पडलेली बघून. मोठा शोध झाला, मृतदेह मिळाले नाहीत. काही महिन्यांनी पाण्याखाली लिहायची त्यांची पाटी सापडली, तिच्यावर आम्हाला इथे सोडून गेलेत, मदत करा असं लिहिलेलं. बोटीच्या कॅप्टनवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला, तो सुटला, आणि त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये माणसं मोजण्याचे नियम कडक झाले. शार्कने मारलं असा ठोस पुरावा नाही. म्हणजे पाण्यातल्या दोघांचं सगळं संभाषण, भांडण, मरण हे कल्पनेतलं आहे. पिक्चर म्हणून मला चालतं, पण पोस्टरवर ते ज्या थाटात छापलं ते त्या दोघांच्या घरच्यांनी बघितलं असेल याचा विचार मनातून जात नाही.

आता तारकर्ली. मिस्टरांना सांगा बुकिंग अजिबात कॅन्सल करू नका. मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा करणाऱ्यांना जे स्कूबा देतात ते म्हणजे किनाऱ्याजवळ पंधरा-वीस फूट पाणी, आणि एक माणूस पूर्ण वेळ तुमचं सिलिंडर मागून धरून असतो, तुम्ही म्हणालात तरी सोडत नाही. तिथे असं वाहून जायचा प्रश्नच नाही. फक्त दोन गोष्टी करा. बोटीत चढताना किती जण आहात ते स्वतः मोजा, आणि परत निघताना नुसतं ‘सगळे आले का’ विचारलं तर गप्प बसू नका, नावं घेऊन हजेरी घ्यायला लावा, दोन मिनिटं लागतात. आमच्या ग्रुपमध्ये तर ज्याचं नाव पुकारलं त्यानेच ‘आलो’ म्हणायचं, दुसऱ्याने त्याच्या वतीने बोललेलं चालत नाही.

आणि जमलं तर तिथून आल्यावर परत लावा हा पिक्चर, या वेळी दिवे घालवून. तेव्हाही कंटाळा आला तर इथे येऊन सांगा, मला खरंच ऐकायचंय.